पंतप्रधानांना आपण थेट मत का देत नाही?

सोलापूर जिल्ह्यातील खेड्यात राहणारा मतदार आपल्या गावाचा सरपंच स्वतः मत देऊन निवडतो. बार्शी, पंढरपूर किंवा अक्कलकोटच्या मतदाराला नगरसेवकाबरोबरच नगराध्यक्षासाठीही वेगळे मत देता येते. सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीतील मतदार मात्र महापौर निवडत नाही, ते काम नगरसेवक करतात. जिल्हा परिषदेचा अध्यक्ष सदस्यांमधून ठरतो, मुख्यमंत्री आमदारांच्या बहुमतावर आणि पंतप्रधान लोकसभेतील बहुमतावर ठरतो. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तर सामान्य मतदाराला मतदान केंद्राची पायरीही चढावी लागत नाही. पद जसजसे मोठे होत जाते, तसतसा मतदार त्यापासून दूर जातो, असा याचा सरळ अर्थ निघतो, आणि म्हणूनच देशाचा नेता थेट जनतेने निवडावा ही मागणी पुन्हा पुन्हा पुढे येते. तिच्यामागचा राग खरा आहे. मत एका माणसाच्या भरवशावर द्यायचे आणि खुर्चीवर भलताच माणूस बसलेला पाहायचा, हा अनुभव महाराष्ट्राला अनेकदा आला आहे. तरीही या मागणीचा निवाडा रागावर सोडता येणार नाही, कारण दोन्ही पद्धती जगात अनेक ठिकाणी वापरून झाल्या आहेत आणि त्यांचे बरेवाईट परिणाम आपल्यासमोर आहेत.

प्रथम एक भेद लक्षात घ्यावा लागतो. अप्रत्यक्ष निवडणूक म्हणून जी ओळखली जाते, ती एकाच प्रकारची नसते. एका प्रकारात आपण ज्यांना कायदे करण्यासाठी निवडून देतो, तेच लोक नेता ठरवतात आणि पुढे रोज त्याच्यासमोर बसून त्याला जाब विचारतात. आपले पंतप्रधान आणि मुख्यमंत्री या प्रकारात येतात. दुसऱ्या प्रकारात केवळ नेता निवडण्यासाठी एक निर्वाचक मंडळ तयार होते आणि निवड झाली की त्या मंडळाचा आणि त्या नेत्याचा संबंध संपतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असे निवडले जातात. भारताचे राष्ट्रपती या दोहोंच्या मधे कुठेतरी आहेत. हा भेद न केल्यामुळे बऱ्याच चर्चा भरकटतात: अमेरिकी पद्धतीचे दोष दाखवून संसदीय पद्धतीला नावे ठेवली जातात, किंवा संसदीय पद्धतीचे गुण सांगून अमेरिकी निर्वाचक मंडळाचे समर्थन केले जाते.

आपल्या पद्धतीत काय घडू शकते हे पाहण्यासाठी सोलापूरकरांना फार लांब जायला नको. सुशीलकुमार शिंदे यांनी २००२ साली उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली. या निवडणुकीत फक्त संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सदस्य मतदान करतात, त्यामुळे सोलापुरातील लोकांना आपल्या खासदाराच्या बाजूने काहीही करता येण्यासारखे नव्हते. भैरोसिंह शेखावत यांना ४५४ आणि शिंदे यांना ३०५ मते मिळाली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००३ मध्ये, ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. त्या क्षणी ते विधानसभेचे सदस्यही नव्हते. सदस्य नसलेल्या व्यक्तीला सहा महिन्यांच्या आत सभागृहात निवडून यावे लागते, म्हणून पोटनिवडणूक लढवून ते विधानसभेत गेले. २००४ साली त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात झालेल्या निवडणुकीत आघाडीला पुन्हा सत्ता मिळाली. राष्ट्रवादी काँग्रेसला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळाल्या होत्या, पण वाटाघाटीत मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिले, आणि त्या पदावर शिंदे न बसता विलासराव देशमुख बसले. शिंदे यांची आंध्र प्रदेशच्या राज्यपालपदी नियुक्ती झाली.

यात घटनेचे किंवा कायद्याचे कोणतेही उल्लंघन झालेले नाही, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. मुख्यमंत्री ठरवण्याचा अधिकार निवडून आलेल्या आमदारांचा होता आणि तो त्यांनी, किंवा अधिक नेमके सांगायचे तर त्यांच्या पक्षश्रेष्ठींनी, वापरला. परंतु त्या निवडणुकीत शिंदे मुख्यमंत्री राहतील असे समजून ज्याने मत दिले, त्या मतदाराला त्याचे मत नेमके कशासाठी मोजले गेले हे कोणी सांगितले नाही. अप्रत्यक्ष पद्धतीवरचा सर्वांत प्रामाणिक आक्षेप हाच आहे: मतदान आणि निकाल यांच्यामध्ये एक खोली असते, त्या खोलीचे दार बंद असते आणि आत कोण काय बोलले याची नोंद कुठेही होत नाही.

आकड्यांचा प्रश्न

दुसरा आक्षेप गणिताचा आहे. समजा, संपूर्ण सोलापूर जिल्ह्यासाठी एक प्रमुख निवडायचा आहे आणि नियम असा आहे की जिल्ह्यातील ११ विधानसभा मतदारसंघांपैकी जो उमेदवार अधिक मतदारसंघ जिंकेल तो विजयी. सोयीसाठी प्रत्येक मतदारसंघात २ लाख मते पडली असे धरू. पहिल्या उमेदवाराने सहा मतदारसंघ १ लाख ५ हजार विरुद्ध ९५ हजार अशा थोडक्या फरकाने जिंकले, आणि उरलेल्या पाचांत त्याला प्रत्येकी फक्त ५० हजार मते मिळाली. बेरीज केली तर त्याची एकूण मते ८ लाख ८० हजार होतात आणि प्रतिस्पर्ध्याची १३ लाख २० हजार. म्हणजे ६० टक्के मते मिळवणारा हरला आणि ४० टक्के मिळवणारा जिंकला. याहून टोकाची स्थिती कल्पिली, तर एकूण मतांच्या २७-२८ टक्क्यांवरही हा सामना जिंकता येतो. मते किती मिळाली यापेक्षा ती कुठे मिळाली याला महत्त्व आले, की असे होणारच.

अमेरिकेत हे प्रत्यक्ष घडलेले आहे. तेथे ५३८ निर्वाचक असतात आणि २७० मते मिळवणारा राष्ट्राध्यक्ष होतो. ४८ राज्यांत नियम असा आहे की राज्यात एका मतानेही पुढे असलेल्या उमेदवाराला त्या राज्याचे सगळे निर्वाचक मिळतात. २००० साली अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा ५ लाखांहून अधिक मते जास्त मिळाली होती, पण फ्लोरिडा राज्यात बुश ५३७ मतांनी पुढे राहिले आणि एकूण २७१ निर्वाचकांच्या बळावर राष्ट्राध्यक्ष झाले. २०१६ साली हिलरी क्लिंटन २८ लाखांहून अधिक मतांनी पुढे असूनही डोनाल्ड ट्रम्प जिंकले. ही पद्धत बदलण्यासाठी १९६९ साली घटनादुरुस्तीचा प्रस्ताव तेथील प्रतिनिधिगृहात मोठ्या बहुमताने मंजूरही झाला होता, परंतु सेनेटमध्ये तो अडवला गेला.

या पद्धतीच्या बचावात असे म्हटले जाते की तिच्यामुळे लहान राज्यांना वजन मिळते आणि उमेदवारांना साऱ्या देशाचा विचार करावा लागतो. पहिला भाग काही अंशी खरा आहे, दुसरा मला पटत नाही. ज्या राज्यांचा कल आधीच ठरलेला आहे तिकडे उमेदवार फिरकत नाहीत, आणि दोन्ही बाजूंना संधी असलेल्या मोजक्या राज्यांतच प्रचाराचा सगळा जोर लागतो. शिवाय या व्यवस्थेच्या जन्मामागे गुलामगिरीचाही भाग होता. दक्षिणेकडील राज्यांत मताधिकार नसलेल्या गुलामांची संख्या मोठी होती, आणि थेट मतदान ठेवले असते तर त्या राज्यांचे वजन घटले असते. निर्वाचकांची संख्या ठरवताना मात्र गुलामांच्या संख्येचे तीन पंचमांश मोजले जात होते. ती परिस्थिती गेली, नियम मात्र राहिला.

मते आणि जागा यांतील ही तफावत संसदीय पद्धतीतही असते. सोलापूरच्या शेजारच्या कर्नाटकात २०१८ साली काँग्रेसला सुमारे ३८ टक्के आणि भाजपला सुमारे ३६ टक्के मते मिळाली, पण १०४ जागा जिंकून भाजप पहिल्या क्रमांकावर आला आणि काँग्रेस बरीच मागे राहिली. त्यानंतर मुख्यमंत्री झाले ते ३७ आमदारांच्या जनता दलाचे एच. डी. कुमारस्वामी, आणि सुमारे १४ महिन्यांनी ते सरकारही पडले. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांतील ज्या कुटुंबांचे नातेसंबंध सीमेपलीकडे आहेत, त्यांनी हा सगळा घटनाक्रम अगदी जवळून पाहिला असेल.

मग अप्रत्यक्ष पद्धत ठेवली कशासाठी?

घटना समितीने हा प्रश्न डोळे मिटून सोडवला नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना जे विवेचन केले, ते आजही या विषयावरील सर्वांत स्वच्छ विवेचन आहे असे माझे मत आहे. त्यांचा मुद्दा असा होता की लोकशाहीतील कार्यकारी सत्तेकडून स्थैर्य आणि जबाबदारी अशा दोन अपेक्षा असतात, आणि दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी व्यवस्था अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य अधिक मिळते, कारण राष्ट्राध्यक्षाची मुदत ठरलेली असते. ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी अधिक मिळते, कारण सरकार प्रश्न, ठराव आणि अविश्वासाच्या मार्गाने सभागृहासमोर दररोज तपासले जाते, आणि मतदारांकडून होणारी ठरावीक काळानंतरची तपासणी त्याशिवाय वेगळी असते. मसुद्याने जबाबदारीला अधिक पसंती दिली.

या निवडीचा व्यवहारातील अर्थ १७ एप्रिल १९९९ रोजी दिसला. अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, पंतप्रधानांनी राजीनामा दिला आणि पुढे देश निवडणुकीला सामोरा गेला. ते सरकार पडणे योग्य होते की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण सत्तेत बसलेल्या व्यक्तीला एका मताने, एका दिवसात आणि रक्ताचा थेंबही न सांडता पायउतार करता येते, ही सोय सामान्य नाही. ब्रिटनमध्ये २०२२ साली लिझ ट्रस यांच्या आर्थिक निर्णयांनी बाजारात घबराट पसरली, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी पाठिंबा काढून घेतल्यामुळे दोन महिन्यांच्या आत त्यांना जावे लागले. थेट निवडलेल्या आणि ठरावीक मुदतीच्या राष्ट्राध्यक्षाने तेच निर्णय घेतले असते, तर महाभियोगाखेरीज दुसरा मार्ग उरला नसता, आणि महाभियोगासाठी गुन्हा किंवा गंभीर गैरवर्तन दाखवावे लागते; धोरण चुकले म्हणून महाभियोग चालत नाही. म्हणून पद्धत कोणतीही असली, तरी नेता निवडण्याच्या नियमाबरोबरच त्याला काढण्याचा नियमही वाचला पाहिजे. बहुतेक चर्चांत हा दुसरा नियम कोणी वाचतच नाही.

अप्रत्यक्ष पद्धतीचा आणखी एक गुण असा की मोठ्या लाटेत मागे पडलेली, पण देशाला आवश्यक असलेली माणसे तिच्यामुळे सार्वजनिक जीवनात टिकू शकतात. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १९५२ साली बाबासाहेब स्वतः मुंबईतून पराभूत झाले. त्याच निवडणुकीत सोलापूरच्या मतदारांनी मात्र त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज यांना लोकसभेत पाठवले होते, ही या शहराने लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे. बाबासाहेब पुढे त्याच वर्षी राज्यसभेवर गेले, म्हणजे अप्रत्यक्ष निवडणुकीने संसदेत पोहोचले. ज्यांनी घटनेचा मसुदा सिद्ध केला त्यांना संसदेत जागा मिळाली ती आमदारांच्या मतांनी, हे विसरून अप्रत्यक्ष निवडणुकीला सरसकट लोकशाहीविरोधी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. स्वतः घटना समितीचे बहुतेक सदस्यही १९४६ साली प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेले होते, आणि त्याच समितीने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताचा अधिकार दिला.

मधले लोक किती आणि कोण

परंतु अप्रत्यक्ष पद्धतीचे सगळे गुण मधल्या लोकांच्या दर्जावर अवलंबून असतात. ते स्वतः स्वतंत्रपणे निवडून आलेले असतील आणि पुन्हा मतदारांसमोर जाणार असतील, तर पद्धत नीट चालते. त्यांची संख्या थोडी असेल, त्यांच्यावर सत्तेचा दाब असेल किंवा त्यांना कोणाला उत्तर द्यायचे नसेल, तर तीच पद्धत हुकूमशहाच्या कामाला येते.

पाकिस्तानात अयुब खान यांनी ‘मूलभूत लोकशाही’ या नावाने अशीच रचना उभी केली होती. पूर्व आणि पश्चिम अशा देशाच्या दोन्ही भागांतून मिळून ८० हजार स्थानिक प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष निवडायचा, असा तो नियम होता. २ जानेवारी १९६५ रोजी झालेल्या निवडणुकीत अयुब खान यांच्या विरोधात मोहम्मद अली जिना यांच्या भगिनी फातिमा जिना उभ्या होत्या. त्यांच्या सभांना प्रचंड गर्दी होत होती, पण मत गर्दीला नव्हते. ८० हजार माणसांना सरकारी निधी, नेमणुका आणि दबाव यांच्या कक्षेत ठेवणे प्रशासनाला अवघड नव्हते, आणि अयुब खान आरामात जिंकले. दक्षिण कोरियातही लष्करी राजवटीने निर्वाचक मंडळामार्फत राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पद्धत ठेवली होती. १९८७ च्या जून महिन्यात लाखो लोक रस्त्यावर उतरले, आणि राष्ट्राध्यक्ष थेट निवडू द्या ही त्यांची मुख्य मागणी होती. त्या लोकांसमोर उभे राहून अप्रत्यक्ष निवडणुकीचे तात्त्विक गुण सांगण्याचे धाडस कोणी करू नये.

आपल्याकडे हीच व्याधी सौम्य रूपात दिसते. महापौर, जिल्हा परिषद अध्यक्ष किंवा पंचायत समिती सभापती यांच्या निवडीपूर्वी सदस्य ‘सहलीला’ जातात, हे महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. गाड्या भरून सदस्य परगावच्या हॉटेलात ठेवले जातात, फोन काढून घेतले जातात आणि मतदानाच्या दिवशी थेट सभागृहाच्या दारात आणून सोडले जाते. संख्या लहान असली की हे शक्य होते. साठ-सत्तर सदस्यांपैकी चार जणांनी बाजू बदलली तर निकाल फिरतो, आणि चार जणांची किंमत लावता येते. लाखो मतदारांना सहलीला नेता येत नाही. थेट निवडणुकीच्या बाजूने हा फार मजबूत युक्तिवाद आहे, आणि १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा व २००३ ची त्याची दुरुस्ती होऊनही तो कमकुवत झालेला नाही. २०१९ साली निवडून आलेल्या महाराष्ट्राच्या एकाच विधानसभेच्या काळात तीन वेगवेगळ्या व्यक्तींनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मतदाराने त्या पाच वर्षांत विधानसभेसाठी एकदाच मत दिले होते.

थेट मत दिले म्हणजे प्रश्न सुटला, असेही होत नाही

फ्रान्सने १८४८ साली पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष थेट निवडला. लुई नेपोलियन याला सुमारे तीन चतुर्थांश मते मिळाली. घटनेप्रमाणे त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नव्हते, तेव्हा डिसेंबर १८५१ मध्ये त्याने संसदच बरखास्त केली आणि वर्षभरात तो सम्राट झाला. जनतेने मला थेट निवडले आहे, मग तुम्ही मला अडवणारे कोण, हा त्याचा दावा होता. या अनुभवाची भीती फ्रेंच प्रजासत्ताकवाद्यांच्या मनात इतकी खोल बसली की पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ त्यांनी राष्ट्राध्यक्ष थेट निवडला नाही. १९५८ साली चार्ल्स द गॉल यांचीही निवड सुमारे ८० हजार निर्वाचकांनी केली होती. १९६२ च्या सार्वमतानंतर थेट निवडणूक आली आणि १९६५ साली ती प्रथम झाली. जर्मनीने उलट दिशेने प्रवास केला. थेट निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी जानेवारी १९३३ मध्ये हिटलरला चान्सलर नेमले, आणि युद्धानंतर १९४९ च्या घटनेत जर्मनीने राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक काढून टाकली.

दक्षिण कोरियाच्या लोकांनी लढून मिळवलेल्या थेट निवडणुकीत डिसेंबर १९८७ मध्ये काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. लोकशाहीवादी चळवळीचे दोन नेते, किम यंग-साम आणि किम दे-जुंग, दोघेही उभे राहिले आणि मते फुटली. जुन्या राजवटीचे उमेदवार रोह ते-वू केवळ ३६.६ टक्के मतांवर निवडून आले. मतदानाची फक्त एक फेरी ठेवली, तर थेट निवडणुकीतही बहुसंख्यांना नको असलेला माणूस जिंकतो. फ्रान्स यासाठी दोन फेऱ्या घेतो, पण तेथेही २००२ साली डाव्या पक्षांची मते इतकी विभागली गेली की पंतप्रधान जोस्पाँ पहिल्याच फेरीत बाहेर पडले आणि १७ टक्क्यांहून कमी मते मिळवणारे अतिउजवे नेते ल पेन दुसऱ्या फेरीत पोहोचले. श्रीलंकेत मतदार एकाच मतपत्रिकेवर दुसरी आणि तिसरी पसंतीही नोंदवू शकतो. २०२४ साली तेथे कोणालाच पहिल्या पसंतीची निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, आणि दुसऱ्या पसंतीची मते प्रथमच मोजून अनुरा कुमारा दिसानायके विजयी ठरले. माझ्या मते थेट निवडणूक करायचीच असेल, तर एवढ्या मोठ्या आणि बहुरंगी देशात पसंतीक्रमाशिवाय किंवा दुसऱ्या फेरीशिवाय ती करणे धोक्याचे आहे.

सर्वांत बोधप्रद प्रयोग मात्र इस्रायलचा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही. तेथे आपल्यासारखीच संसदीय पद्धत होती, आणि लहान पक्षांच्या सौदेबाजीला कंटाळून त्यांनी कायदा केला की संसदेसाठी एक आणि पंतप्रधानासाठी दुसरे, अशी दोन मते प्रत्येक मतदाराने द्यावीत. १९९६ साली हा प्रयोग सुरू झाला. अपेक्षा अशी होती की थेट जनादेश मिळालेला पंतप्रधान लहान पक्षांपुढे वाकणार नाही. झाले नेमके उलटे. पंतप्रधान वेगळ्या मतपत्रिकेवर ठरतो आहे म्हटल्यावर संसदेचे मत आपल्या जवळच्या लहान पक्षाला द्यायला मतदार मोकळा झाला. १२० जागांच्या संसदेत दोन मोठ्या पक्षांच्या मिळून १९९२ साली ७६ जागा होत्या, त्या १९९६ साली ६६ आणि १९९९ साली ४५ वर आल्या. पंतप्रधान थेट निवडलेला होता, पण कायदा आणि अंदाजपत्रक मंजूर करून घेण्यासाठी त्याला पूर्वीपेक्षा अधिक पक्षांची मनधरणी करावी लागत होती. २००१ साली संसदेने हा कायदा रद्द केला.

महाराष्ट्रातील नगरपालिकांचा अनुभव याच जातीचा आहे. २००१ साली नगराध्यक्ष थेट निवडले गेले, नंतर ते पुन्हा नगरसेवकांमधून निवडले जाऊ लागले, २०१६ साली पुन्हा थेट निवडणूक आली, २०२० साली ती गेली आणि २०२२ साली परत आली. सरपंचांच्या बाबतीतही २०१७, २०२० आणि २०२२ असे तीन फेरबदल झाले. जेथे नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे असते, तेथे ठराव अडतात आणि नळाचे पाणी व रस्त्याचे काम कोणामुळे थांबले हे नागरिकाला कळेनासे होते. नगराध्यक्ष नगरसेवकांकडे बोट दाखवतो आणि नगरसेवक नगराध्यक्षाकडे. या फेरबदलांत एक तरतूद मात्र विचारपूर्वक केलेली आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला, तरी तो ग्रामसभेसमोर गुप्त मतदानासाठी ठेवावा लागतो. ज्यांनी निवडले त्यांनीच काढायचे, हे तत्त्व त्यात पाळले गेले आहे.

राष्ट्रपतींचे काय?

येथे फार घोटाळण्याचे कारण नाही. के. टी. शहा यांच्यासारख्या सदस्यांनी घटना समितीत राष्ट्रपती थेट निवडण्याचा आग्रह धरला होता. नेहरूंनी जुलै १९४७ मध्ये दिलेले उत्तर असे होते की सारा देश ढवळून, प्रत्येक प्रौढ नागरिकाचे मत घेऊन एखाद्याला निवडायचे आणि मग त्याला खरे अधिकार द्यायचे नाहीत, हे विसंगत ठरेल. हे उत्तर आजही बरोबर आहे. कोट्यवधी मतांचा जनादेश मिळालेले राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने निमूटपणे का वागतील? देशात सत्तेची दोन केंद्रे उभी राहतील आणि दोन्ही स्वतःला जनतेचा खरा आवाज म्हणवतील.

राष्ट्रपतींना निवडणाऱ्या खासदार-आमदारांच्या निर्वाचक मंडळात राज्यांचे वजनही जपलेले आहे. निवडून आलेल्या आमदारांच्या मताचे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून काढतात, आणि महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराचे मूल्य १७५ येते. त्यामुळे सोलापूर जिल्ह्यातील ११ आमदारांचे मिळून १,९२५ मूल्य होते. २०२२ साली एका खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते, आणि एकूण १०,८६,४३१ मूल्यापैकी द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ मिळाले. मतदान गुप्त असते आणि पक्षादेश लागू होत नाही, त्यामुळे आमदाराला स्वतःच्या विवेकाने मत देता येते. १९६९ साली व्ही. व्ही. गिरी अशाच मतांच्या बळावर, दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यानंतर, संजीव रेड्डी यांच्यापुढे गेले.

या सगळ्यातून मी ज्या निष्कर्षाला पोहोचलो तो असा की निवडीची पद्धत पदाच्या अधिकारांवरून ठरवावी, पदाच्या उंचीवरून ठरवू नये. ज्याला सभागृह रोज जाब विचारू शकते आणि काढूही शकते, त्याला सभागृहाने निवडणे योग्य आहे, म्हणून पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांची थेट निवडणूक मला नको वाटते. बंद खोलीचा दोष दुसऱ्या मार्गांनी कमी करता येतो. पक्षांनी मुख्यमंत्रिपदाचा उमेदवार मतदानापूर्वी जाहीर करावा, विधिमंडळ पक्षाचा नेता हात वर करून न ठरवता गुप्त मतदानाने निवडावा, आणि सरकार पाडताना पर्यायी नेत्याचे नाव त्याच ठरावात असावे. हा शेवटचा नियम जर्मनीत आहे, आणि १९८२ साली हेल्मुट श्मिट यांच्या जागी हेल्मुट कोल याच मार्गाने आले.

सोलापूरच्या महापौरांचा प्रश्न वेगळा आहे. महापालिकेची कार्यकारी सत्ता आयुक्तांच्या हाती असते, आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते, आणि महापौरांची मुदत अडीच वर्षांची असते. उत्तर प्रदेशाप्रमाणे येथेही महापौर थेट निवडावा अशी मागणी करणाऱ्यांनी प्रथम हे सांगायला हवे की शहराच्या लाखो मतदारांनी निवडलेल्या त्या व्यक्तीला आयुक्तांना आदेश देता येतील की नाही, पाणीपुरवठ्याच्या निधीवर तिची सही चालेल की नाही, तिला पूर्ण पाच वर्षांची मुदत मिळेल की नाही, आणि तिने काम केले नाही तर तिला कोण व कोणत्या मार्गाने काढणार. या चार गोष्टी कायद्यात लिहिल्या गेल्या, तर थेट महापौराच्या बाजूने मी मत देईन. त्या लिहिल्या जात नाहीत तोवर महापौर नगरसेवकांनीच निवडावा, आणि त्या निवडीसाठी कोणी सदस्यांना परगावी नेऊन ठेवले तर त्या खर्चाचा हिशेब निवडणूक आयोगाने मागावा.